संशयी नागरिकाची वही



आमच्यासारख्या संशयी माणसाला व्याख्यानास बोलावणे, हे चालकांचे धाडसच म्हटले पाहिजे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती लोक शहाणे व्हावेत म्हणून. आम्हांस कोणाला शहाणे करण्याची उमेद नाही. आमचा पुढाऱ्यांवर विश्वास नाही, पोलिसांवर त्याहून कमी आहे, आणि हल्ली जो तो ज्याचे गोडवे गातो त्या यंत्रावर तर मुळीच नाही. असा माणूस साखरशेतात असेल, जव्हारच्या बाजारात असेल, मोखाड्याच्या एसटी थांब्यावर असेल. काही सांगावयास जावे तर त्याचे उत्तर ठरलेले : ‘सगळे एकाच माळेचे मणी!’ या माणसाची बाजू मांडावी आणि मग त्यालाच एकदोन प्रश्न विचारावेत, एवढाच आमचा आजचा बेत आहे.

त्याची बाजू लंगडी नाही, हे आधीच कबूल करू. १९८५ साली पक्षांतराला आळा घालण्याचा कायदा झाला. त्यानंतर पक्षांतरे घाऊक होऊ लागली. २०२२ साली शिवसेना दुभंगली, २०२३ साली राष्ट्रवादी काँग्रेस दुभंगली. मतदाराने एका चिन्हासमोरचे बटण दाबले होते. पुढे चिन्ह एका घरी गेले आणि निवडून दिलेला माणूस दुसऱ्या घरी बसला. बोटावरची शाई तेवढी मतदाराजवळ राहिली, तीही थोड्या दिवसांत पुसली गेली. रेशनच्या दुकानात जावे, तर यंत्र अंगठा मागते. जन्मभर दगडमाती उपसून ज्याच्या अंगठ्यावरच्या रेषा झिजल्या, त्याला यंत्र ओळखत नाही. आणि ओळखण्याची वेळ येते तेव्हा रेंज नसते. अशा माणसाने कुरकुर करू नये, असे म्हणण्याचे पाप आम्ही करणार नाही.

पण नुसत्या कुरकुरीत तपशील हरवतो, आणि तपशील हरवला की अपराधी सुटतो. म्हणून आपल्याच जिल्ह्यातली एक हकीकत तारीखवार सांगतो.

२०१२ साली पालघर हे ठाणे जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते. आपला स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी मुंबई आणि आसपासचा मुलूख बंद होता. पालघरच्या एका तरुण मुलीने फेसबुकवर लिहिले की, एवढ्यासाठी बंद कशाला? तिच्या मैत्रिणीने त्या मजकुराला पसंतीची खूण केली. तक्रार झाली आणि दोघींना अटक झाली. मुलीच्या चुलत्यांचा दवाखाना जमावाने फोडला. लिहिणारीला अटक झाली ती झालीच, पण आवडले म्हणणारीलाही झाली! देशभर ओरड उठली, तेव्हा काही दिवसांत दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि पुढे तो खटलाही बंद पडला.

आता ही अटक ज्या कलमांखाली झाली, त्यातले एक पाहू. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ. डिसेंबर २००८ मध्ये संसदेने फारशी चर्चा न करता ही दुरुस्ती मंजूर केली. यंत्रावरून पाठविलेला मजकूर कोणाला त्रासदायक वा गैरसोयीचा वाटला, तर तीन वर्षांपर्यंत कैद. त्रास म्हणजे काय, गैरसोय म्हणजे काय, याची व्याख्या कायद्यात नव्हती. ती करण्याचे काम ठाण्यातल्या अंमलदारावर आले, आणि अंमलदाराने ती दाराशी जमलेल्या गर्दीकडे पाहून केली. पुढाऱ्यांनी सैल कायदा केला, यंत्राने एका मुलीचे बोलणे चारचौघांऐवजी चार हजारांपुढे नेले, आणि पोलिसांनी बळी तो कान पिळी हा जुना न्याय नव्या कलमाच्या नावाने लावला. राजकारण, पोलीस आणि यंत्र, आमच्या संशयाचे तिन्ही मानकरी या एका प्रकरणात हजर आहेत. तेव्हा संशयी माणूस म्हणणार, ‘मी काय सांगत होतो?’

येथेच त्याला आमचा पहिला प्रश्न आहे : तुम्ही सांगत होता खरे, पण कोणाला?

पालघरची बातमी वाचून श्रेया सिंघल नावाची दिल्लीची एक तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली. तिचाही सरकारवर आंधळा विश्वास नसावा, नाही तर ती तेथे गेलीच नसती. पण तिने आपला संशय अर्जाच्या रूपाने कागदावर उतरविला. २४ मार्च २०१५ रोजी न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती नरिमन यांनी कलम ६६-अ घटनाबाह्य ठरवून रद्द केले. ‘काही होणार नाही’ हे आमच्या संशयी मित्राचे भाकीत त्या दिवशी खोटे ठरले.

तथापि त्याने एवढ्यात खाली मान घालण्याचे कारण नाही. कलम मेले, पण त्याचे भूत ठाण्यात राहिले. रद्द झालेल्या त्या कलमाखाली देशात ठिकठिकाणी गुन्हे नोंदविले जातच राहिले. २०१९ च्या फेब्रुवारीत निकालाच्या प्रती राज्याराज्यांच्या पोलीस महासंचालकांपर्यंत पोचवा, असा न्यायालयाला हुकूम द्यावा लागला. २०२१ च्या जुलैत तोच प्रकार चालू असल्याचे ऐकून न्यायालयाने धक्का बसल्याचे बोलून दाखविले, आणि मग केंद्राच्या गृहखात्याने राज्यांना पत्र पाठविले. ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा बजावावे लागले की, या कलमाखाली कोणावरही खटला चालविता येणार नाही. दिल्लीतला निकाल ठाण्याच्या टेबलापर्यंत यावयास साडेसात वर्षे पुरली नाहीत.

आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवून पाहा. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात, मुले पळविणारी टोळी आली अशा अफवेने, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. १६ एप्रिल २०२० च्या रात्री आपल्याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातील गडचिंचल्यास, चोर फिरत असल्याच्या अफवेने दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांचा जीव गेला. तेव्हा पोलीस समोर होते. अफवेला पाड्यापाड्यांतून फिरावयास वर्षे लागली नाहीत. एकच मजकूर किती जणांना पुढे ढकलता येईल यावर व्हॉट्सअॅप कंपनीने २०१८ साली पाचाची मर्यादा घातली. पण ढकलणारा अंगठा माणसाचा असतो. येथे आमचा दुसरा प्रश्न आहे. मंत्र्याच्या शब्दावर, हवालदाराच्या शब्दावर विश्वास न ठेवणारा आमचा मित्र, कोणी पाठविले हे ठाऊक नसलेल्या मजकुरावर इतक्या पटकन विश्वास कसा ठेवतो? संशय धरावयाचा तर तो सर्वांवर सारखा धरावा. सरकारवर संशय आणि अफवेवर श्रद्धा, हा नागरिकाचा बाणा नव्हे.

मग करावयाचे काय? आमचे म्हणणे एवढेच, की संशय सोडू नका; त्याला एक वही द्या. पुण्याच्या सार्वजनिक सभेत १८७० साली सभासद व्हावयाचे तर पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र लागे. त्या लोकांचाही इंग्रज सरकारवर विश्वास नव्हता. पण त्यांनी अविश्वासाला सह्या गोळा करावयास लावले. आज आपल्या हाती त्याहून पुष्कळ अधिक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, आणि खबरीची प्रत खबर देणाऱ्याला फुकट मिळते. ती मागून घ्या. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करावयाची, तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. ती विचारा. कलम कोणते लावले, ते लिहून घ्या. ते जिवंत आहे की मेलेले, याची चौकशी करा. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने कार्यालयाला तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते, आणि दारिद्र्यरेषेखालील माणसाला त्याची फी पडत नाही. जव्हार-मोखाडा हा अनुसूचित प्रदेश. १९९६ च्या पेसा कायद्याने येथील ग्रामसभेला जो मान दिला आहे, तो ठराव लिहिल्याशिवाय दिसत नाही. रेशनचे यंत्र अंगठा ओळखत नसेल, तर किती जणांचा, कोणत्या महिन्यात, हे आकड्यांनिशी ठरावात घाला.

आणि खिशातल्या त्या यंत्राला थोडे राबवा. ज्याने अफवा येते, त्याच यंत्राने निकालाची प्रतही येऊ शकते. मुले पळविणारी टोळी आली असा मजकूर आला, तर पुढे ढकलण्याआधी एवढे विचारावे : कोणी पाहिले, कोठे पाहिले, केव्हा पाहिले? हे तीन प्रश्न गडचिंचल्याच्या त्या रात्री कोणी मोठ्याने विचारले असते, तर कदाचित तीन माणसे घरी पोचली असती.

पुढारी बदलतील, ठाण्यातले साहेब बदलतील, यंत्रे तर दर वर्षी बदलतात. आमचा संशय मात्र बदलण्याचे आम्हांस काही कारण दिसत नाही. पण तो ओट्यावर बसून विडीच्या धुराबरोबर सोडून द्यावयाचा, की तारीख घालून, सही करून, पोच घेऊन ठेवावयाचा, हे सर्वस्वी आपल्या हाती आहे. पालघरच्या त्या दोन मुलींपायी देशाचा एक कायदा गेला. तो गेल्याची खबर ठाण्याच्या टेबलापर्यंत पोचविण्याचे काम आम्हां संशयी लोकांकडे आहे.