घरची शाळा आणि एक पुस्तक

मुलास शाळेंत न घालतां घरींच शिकवावें काय, असें अलीकडे कांहीं सुशिक्षित आईबाप विचारूं लागले आहेत. प्रश्न वाटतो तितका नवा नाहीं. पंडिता रमाबाईंना त्यांच्या आई लक्ष्मीबाई यांनींच संस्कृत शिकविलें, तेंही बरेंचसें तीर्थयात्रेच्या वाटेवर. आणि १८७८ सालीं कलकत्त्याच्या पंडितांनीं त्याच मुलीस 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. परीक्षेची अडचणही आज पूर्वीइतकी नाहीं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावीची परीक्षा शाळेबाहेरच्या मुलास देतां येते. तेव्हां घरीं शिकवितां येतें कीं नाहीं, हा वाद मी घालीत नाहीं. कसें शिकवावें, एवढेंच बोलणार आहें.

२०२० सालीं साथीमुळें शाळा बंद झाल्या, आणि माझ्या पुतण्याचीं दोन मुलें, अकरा वर्षांची मुलगी व नऊ वर्षांचा मुलगा, खेड्यांतून यवतमाळास माझ्याकडे राहावयास आलीं. पाठ्यपुस्तकें गांवींच राहिलीं होतीं. कपाटांत साने गुरुजींची 'श्यामची आई' होती. १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलेल्या या पुस्तकांत बेचाळीस रात्रींच्या कथा आहेत. रोज रात्रीं एक कथा वाचावी आणि दुसऱ्या दिवशींचे सारे विषय तिच्यांतूनच काढावे, असा बेत मीं केला.

'पत्रावळ' वाचली त्याच्या दुसऱ्या सकाळीं आम्ही पानें तोडावयास निघालों. आमच्या जिल्ह्यांत पळसाला तोटा नाहीं. मुलगा म्हणाला, "आबाजी, पळसाला पानें तीनच म्हणतात, मोजून पाहूं या." मोजतां मोजतां कळलें कीं ती म्हण वनस्पतिशास्त्राच्या कसोटीस उतरत नाहीं, पान एकच, पर्णिका तीन. मग एका पत्रावळीला पर्णिका किती, पन्नास पाहुण्यांच्या पंक्तीस झाडाचीं पानें किती तोडावीं, हा हिशेब ओघानेंच आला. पत्रावळी मात्र पहिल्या दिवशीं एकही धड साधली नाहीं. भात खालून गळाला.

'सांब सदाशिव पाऊस दे' या कथेनें भूगोल दिला. श्यामच्या दापोलीकडे आमच्या तिपटीहून अधिक पाऊस पडतो. मग तेथल्या मुलांनीं देवाजवळ पाऊस कां मागावा? दोन दिवस मुलें या कोड्यांत गुंतलीं. वर्षाचा पाऊस किती, यापेक्षां तो वेळेवर येतो कीं नाहीं याला महत्त्व, हें पेरणीवाल्या घरच्या मुलांस मला सांगावें लागलें नाहीं. तींच मला सांगूं लागलीं.

पुस्तकांतून सर्व विषय निघतात, असें मात्र कोणी म्हणेल तर विश्वास ठेवूं नये. पाढे आणि अपूर्णांक वेगळेच घोकावे लागले.

पुढें कर्जाचें प्रकरण आलें. मास्तराची खोड जात नाहीं. वाचन संपतें न संपतें तोंच मीं उदाहरण घातलें: मुद्दल १००० रुपये, दरसाल दरशेंकडा २४, चक्रवाढ, मुदत तीन वर्षें. मुलानें १९०६ रुपये ६२ पैसे रास काढून दाखविली. मुलीनें पाटी दूर सारली. "आबाजी, तुम्हांला गोष्ट कळलीच नाहीं का?" म्हणाली आणि आंत निघून गेली. पुतण्यावर कापसापायीं कर्ज होतें, हें मला ठाऊक होतें. तें त्या पोरीलाही ठाऊक असेल, हें माझ्या मनांत आलें नव्हतें. आमच्या जिल्ह्यांत शेतकऱ्याच्या कर्जानें किती घरें उजाड केलीं, हें अकरा वर्षांच्या मुलांपासूनही लपलेलें नाहीं.

दुसऱ्या दिवसापासून मीं क्रम बदलला. रात्रीं फक्त वाचन. सकाळचा धडा मुलें ज्या गोष्टीविषयीं विचारतील तिचाच, मग ती पळसाची असो वा पावसाची. न विचारलें तर त्या दिवशीं नुसते पाढे. तीन-चार सकाळ नुसते पाढेच झाले.

पांचव्या दिवशीं मुलगी पाटी घेऊन आली. "आबाजी, तें व्याजाचें पुन्हां दाखवा. पण मुद्दल मी घालीन. बाबांचा आंकडा मला माहीत आहे."

मीं पाटीवर रेघा आंखून दिल्या आणि बाहेर ओसरीवर जाऊन बसलों. बऱ्याच वेळानें ती बाहेर आली तेव्हां पाटी पुसलेली होती. उत्तर मीं विचारलें नाहीं.