जिन्याला सदरा नको
(वसंत व्याख्यानमाला, पुष्प तिसरे)



पत्रिकेत माझा विषय ‘इमारतींचं लाकडी आच्छादन आणि अग्निसुरक्षा’ असा छापलाय. तो वाचूनच निम्मे लोक घरी राहिले असावेत. (हशा) मला सांगायचंय एवढंच: जिन्याच्या भिंतीला लाकडाचा सदरा घालू नका.

2006चा राज्याचा आग प्रतिबंधक कायदा, दर जानेवारी-जुलैत द्यायचं अग्निसुरक्षेचं प्रमाणपत्र, हे तुम्हाला ठाऊक आहेच, सोडून देऊ. 2016च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेतलं एकच ध्यानात ठेवा. पृष्ठभागावरून ज्वाळा किती झपाट्यानं पसरते, त्यावरून तिथे साहित्याचे 4 वर्ग केलेत. पहिल्या वर्गातलं कुठेही लावा. दुसऱ्यापासून पुढच्यांना जिना, बोळ आणि दर्शनी भिंत वर्ज्य. प्रक्रिया न केलेलं साधं प्लायवूड पहिल्या वर्गात बसत नाही.

मग लाकूड वाईट का? अजिबात नाही. माझी आजी चूल पेटवताना ओंडका कधी आधी लावत नसे. आधी काटक्या, ढलप्या, मग फुंकणी. ओंडका रात्रभर धुमसायचा, आणि सकाळी कोळसा झटकला की आत कोरं लाकूड! सागवानी तुळईचंही तेच. कोळशाची साल धरते, ती आतल्या गाभ्याला जपते. मिनिटाला मिलिमीटरभरसुद्धा आग आत सरकत नाही. पण 6 मिलिमीटरची पट्टी, मागे दोन बोटं पोकळी? तुम्ही भिंतीवर ढलप्या रचल्यात आणि मागे धुरांडं बांधलंत!

हे पाप मीही केलंय. एका लॉजच्या मालकांना जिन्यात ‘उठाव’ हवा होता. सुतार म्हणाला, “साहेब, बिडीचं थोटुक फटीत गेलं तर काढाचं कसं?” मी हसलो. वर्षभरानं फोन आला: फटीतून धूर येतोय. गेलो. ज्वाळा कुठेच नाही, भिंत मात्र तव्यासारखी. पहारीनं पहिली पट्टी उचकटली आणि आतून भडका! बादल्यांवर भागलं, माणसं वाचली. त्या सुताराला मी... किती? पाचच मिनिटं? बरं.

21 डिसेंबर 2016च्या पहाटे आपल्या गोंदियात बिंदल प्लाझा हॉटेलला आग लागली, 7 माणसं गेली. ती लाकडामुळे लागली असं मी म्हणत नाही. पण तेव्हापासून कुठेही उतरलो तरी मी खोलीआधी जिना बघतो.

कोणी म्हणेल, लाकूड काढू, पत्रा लावू. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला पत्राच होता. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लास्टिक. 14 जून 2017ला तिथे आग लागली, 72 माणसं दगावली. तेव्हा नावावर जाऊ नका. पोटात काय भरलंय आणि मागे पोकळी आहे का, ते बघा.

अध्यक्ष महोदय, तुमच्यामागच्या पॅनेलकडे माझं बोट नाही. तो जिना नव्हे. (हशा)

चिठ्ठी आली, थांबतो. खाली उतरताना भिंतीवर टिचकी मारा. ठक्क वाजली तर बिनघोर उतरा. ढब्ब वाजली तर उतराच, पण उद्या मालकाला गाठा. इथला जिना कसा वाजतो, ते मी सांगणार नाही. येताना वाजवूनच आलोय.