बाळंतपणाची तालीम

फौजेत एक गोष्ट अंगात भिनते: ऐनवेळी कामी येतो तो सरावच. बाळंतपणाचंही तसंच आहे.

लेकींनो, डॉक्टरांना विचारून रोज चाला. नाकाने श्वास घ्या, तोंडाने सावकाश सोडा. कळ साधारण मिनिटभर टिकते, मग ओसरते, मधे विसावा मिळतो. हे मनात पक्कं असलं की अंग भीतीने आखडत नाही. पहिलटकरणीला बारा तासही लागतात. म्हणून काही बिघडलं असं नव्हे.

आता घरच्यांचं काम. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयात ‘सुरक्षित मातृत्व’ची मोफत तपासणी असते, ती चुकवू नका. एल्गिनला जायचं की मेडिकलला, हे आधीच ठरवा. रक्तगट लिहून ठेवा, १०८ नंबर भिंतीवर लावा. रक्त गेलं, बाळाची हालचाल मंदावली, डोकं फार दुखलं, तर सकाळची वाट पाहू नका.

आपल्या जबलपूरच्या छावणीत कितीतरी घरांत नवरा सीमेवर असतो. तेव्हा सोबतीला कोण हवं, ते तिलाच विचारा. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ मध्ये हेच सांगितलं. आई, सासूबाई, जाऊ. जिचा हात तिला धरावासा वाटेल, तिने तालमीलाही तिच्याबरोबर बसावं.

जय हिंद.