दोन नाणी आणि आनुवंशिकतेचा धडा
(विद्यार्थी मार्गदर्शन शिबिरात दिलेले भाषण)



आम्ही बँकेत कारकुनी करणारे, कला शाखेचे पदवीधर. विज्ञानावर बोलण्याचा आमचा अधिकार थोडाच. पण आनुवंशिकता हा विषय घराघरांतला आहे, म्हणून दोन शब्द बोलण्याचे धाडस करीत आहोत.

शाळेत हा धडा मेंडेलच्या वाटाण्यापासून सुरू होतो. उंच झाड, बुटके झाड, तीनास एक हे प्रमाण मुले पाठ करतात व गुण मिळवतात. पण घरात सिकलसेलचा रुग्ण असला की 'आईचेच रक्त खराब' हे बोलणे तीच मुले निमूट ऐकतात. आपल्या विदर्भात आदिवासी व अनुसूचित जातींच्या वस्त्यांत हा आजार आढळतो. म्हणून वाटाण्याबरोबर सिकलसेलचाही धडा शिकवावा, असे आम्हांस वाटते.

हिमोग्लोबिन कसे बनवावे याची एक सूचना 11 व्या गुणसूत्रावर असते. खातेवहीत दोन नोंदी असाव्यात तशी ती एक आईकडून व एक वडिलांकडून येते. दोन्ही सदोष असल्या तर तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हाडे-सांधे ठणकतात, रक्त कमी होते. एकच सदोष असली तर ती व्यक्ती वाहक. वाहक म्हणजे रोगी नव्हे.

हे समजावण्यास दोन नाणी पुरतात. एक विद्यार्थी आई, दुसरा वडील, दोघेही वाहक. छापा म्हणजे निर्दोष, काटा म्हणजे सदोष. दोघांनी एकदम नाणे उडवावे, फळ्यावर नोंद करावी. शंभर खेपांत सुमारे 25 वेळा दोन्ही काटे, 25 वेळा दोन्ही छापे, 50 वेळा एक-एक येईल. मग गुरुजींनी विचारावे, पहिल्याच खेपेस दोन्ही काटे आले, तर पुढच्या तीन खेपा सुरक्षित काय? मुळीच नाही! नाण्याला मागची खेप आठवत नाही. प्रत्येक अपत्यास धोका तेवढाच, शेकडा 25. आणि आजाराला दोन्ही नाण्यांचे काटे लागतात, तर बोल एकट्या आईला का?

हा जातीचा शापही नव्हे. वाहकांना तीव्र हिवतापापासून संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी 1954 साली दाखविले. म्हणून हिवतापाच्या मुलखांत हा जनुक टिकला. तो आफ्रिकेत, अरबस्तानात व ग्रीसमध्येही आहे.

शिक्षक बंधूंना एक विनंती. कोणत्याही विद्यार्थ्याचा रक्ताचा रिपोर्ट वर्गात वाचू नये. त्या रिपोर्टवरून उद्या एखाद्या मुलीचे स्थळ मोडले, तर आपण शिकविले काय? लग्नाआधी तपासणी मुलगा व मुलगी दोघांचीही व्हावी. एक वाहक आणि दुसऱ्याचा रिपोर्ट पूर्ण निर्दोष असेल, तर अपत्यास हा आजार होत नाही. दोघेही वाहक असतील तर त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

1 जुलै 2023 रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. त्याचे उद्दिष्ट 2047 चे आहे. तपासणीचे पथक वस्तीत येईल तेव्हा आपल्या आईवडिलांना हा नाण्यांचा खेळ करून दाखवा, एवढेच विद्यार्थी मित्रांना सांगणे आहे.

जयभीम!