किडनीवरची गाठ : दुर्बीण की चीर?

बेंगळुरूच्या इंदिरानगरात मेट्रोच्या पुलाखालून जाणाऱ्या सीएमएच रोडला नावच मुळी चिन्मय मिशन हॉस्पिटलवरून पडलंय. या भागात नोकरीनिमित्त आलेली मराठी मुलं बरीच. सांगली-कोल्हापूरहून आईवडील राहायला आले की मुलगा-सून त्यांना हौसेनं सगळ्या तपासण्या करायला नेतात. दुखणं-खुपणं काही नाही, आणि सोनोग्राफीत निघते किडनीवरची तीन सेंटिमीटरची गाठ! मग घरात पहिला प्रश्न येतो : "दुर्बिणीतून होईल ना?"

विचारतात ते रास्तच आहे. उघड्या ऑपरेशनात बरगडीपाशी वीतभर चीर द्यावी लागते, स्नायू कापावे लागतात. पुढं कित्येक दिवस खोकला आला तरी कळ येते. दुर्बिणीला तीन-चार छिद्रं पुरतात. वेदना कमी, घरी लवकर.

दुर्बिणीची गोष्ट थोडी मागे जाऊन पाहू. १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. त्याच वर्षी अमेरिकेत सेंट लुइसला डॉ. राल्फ क्लेमन यांनी ८५ वर्षांच्या बाईंची गाठ असलेली किडनी दुर्बिणीतूनच काढली. जवळजवळ ७ तास लागले. किडनी पोटातच पिशवीत घालून बारीक केली आणि छिद्रातून बाहेर ओढली. आता तपासणी नीट व्हावी म्हणून ती सहसा अखंड काढतात. म्हणजे दुर्बीण असली तरी एक छोटी चीर आलीच. हे आधी सांगितलं, तर टाके पाहून घरचे दचकणार नाहीत.

पण माझ्या मते खरा प्रश्न छिद्र की चीर हा नव्हेच. किडनी किती उरणार, हे आधी विचारावं. चार सेंटिमीटरपर्यंतची गाठ बहुतेकदा तेवढीच कापून काढता येते. त्यासाठी किडनीची रक्तवाहिनी चिमट्यानं बंद करायची आणि साधारण अर्ध्या तासाच्या आत गाठ काढून टाके घालायचे. उघड्या ऑपरेशनात भोवती बर्फ ठेवून थोडा जास्त वेळ मिळवता येतो. रोबोटमुळं आतून टाके घालणं सोपं झालंय, खर्च मात्र वाढतो. गाठ खोल, मोठ्या रक्तवाहिन्यांना लागून असेल आणि दुर्बिणीच्या हट्टापायी अख्खी किडनी जाणार असेल, तर मधुमेही वडिलांसाठी मी चीरच निवडेन. चिरेचं दुखणं काही आठवड्यांचं; किडनी जन्मभर लागते. गाठीचं टोक मोठ्या शिरेत शिरलं असेल, तर बहुधा सरळ उघडतातच.

आणि हो, अशा लहान गाठींपैकी सुमारे पाचातली एक कर्करोगाची नसतेच. खूप वय झालेल्या माणसाची गाठ काही वेळा नुसती लक्ष ठेवून सांभाळतात.

दुर्बिणीनं सुरू केलेल्या ऑपरेशनात रक्तस्राव झाल्यास काही वेळा मध्येच पोट उघडावं लागतं. संमतीपत्रात तसं लिहिलेलं असतं. सही करण्याआधी तेवढा परिच्छेद डॉक्टरांकडून समजून घ्या.