व्यायामशाळेला लागलेले कुलूप

शाळेचा एखादा संघ सतत मागे पडू लागला म्हणजे नवा क्रीडाशिक्षक नेमला जातो, आणि तो येण्यापूर्वीच त्याला विचारावयाचा प्रश्न ठरलेला असतो : "संघ जिंकू केव्हा लागणार?" शाळेचे चालक हेच विचारतात, पालकही हेच विचारतात. परंतु श्रोतेहो, पडता संघ सावरावयास आलेल्या शिक्षकाची खरी कसोटी पराभवाच्या काळात लागत नाही. ती संघ जिंकू लागल्यावर लागते. अमेरिकेतील रिचमंड हायस्कूलमध्ये १९९९ साली जे घडले, त्यावरून हे चांगले ध्यानात येते.

रिचमंड हे कॅलिफोर्नियातील, सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या काठचे शहर. दुसऱ्या महायुद्धात तेथील गोद्यांतून ७४७ जहाजे बांधून बाहेर पडली. त्या कामासाठी दूरदूरच्या राज्यांतून हजारो कुटुंबे तेथे आली. त्यांत दक्षिणेकडील कृष्णवर्णीय कुटुंबे पुष्कळ होती. युद्ध संपले, गोद्या बंद पडल्या; माणसे मात्र तेथेच राहिली. पुढील पिढ्यांच्या वाट्याला बेकारी आली, अमली पदार्थांचा व्यापार आला, रस्त्यांवरील हिंसाचार आला. अशा वस्तीतील मुलाला बास्केटबॉल हा नुसता खेळ वाटत नाही. तो त्याला सुटकेचा मार्ग वाटतो.

१९९७ मध्ये या शाळेच्या बास्केटबॉलची सूत्रे केन कार्टर यांनी हाती घेतली. ते याच शाळेचे माजी विद्यार्थी. १९७०च्या दशकात ते याच संघातून खेळले होते आणि शाळेचे विक्रम त्यांच्या नावावर होते. पुढे ते क्रीडासाहित्याच्या दुकानाचे मालक झाले. मुलांच्या हाती चेंडू देण्याआधी त्यांनी एक करारपत्र ठेवले. वर्ग चुकवावयाचा नाही, पुढच्या बाकावर बसावयाचे, सामन्याच्या दिवशी गळपट्टा बांधून नीटनेटके यावयाचे, अशी त्यातील कलमे होती. सर्वांत कठीण कलम अभ्यासाचे होते. चार गुणांच्या श्रेणीत २.० एवढी सरासरी असली की खेळाडूला नियमाने मैदानात उतरता येई. कार्टर यांनी ती मर्यादा २.३ वर नेली. मुलांनी सह्या केल्या.

संघ सुधारला. १९९८-९९ च्या हंगामात तर तेरा सामने झाले आणि तेराही जिंकले. शहर आनंदात होते. नेमक्या अशा वेळी प्रगतीचे अहवाल आले, आणि शाळेच्या निरनिराळ्या संघांतील ४५ खेळाडूंपैकी १५ जणांनी करार मोडल्याचे आढळून आले. ४ जानेवारी १९९९ रोजी कार्टर यांनी व्यायामशाळेला कुलूप घातले. सराव बंद, सामनेही बंद. खेळाडूंनी अभ्यासाला बसावे आणि शिक्षकांनी त्यांना साहाय्य करावे, असे ठरले.

या कृतीची देशभर वाहवा झाली, तशी कडक टीकाही झाली. आणि टीकेला आधार नव्हता असे म्हणता येणार नाही. ज्या मुलाला शाळेशी बांधून ठेवणारा धागा एकट्या खेळाचाच आहे, त्याचा तोच धागा तोडला तर तो पुस्तकाकडे वळेल की रस्त्याकडे? शिवाय ज्या तीस जणांनी वचन पाळले, त्यांचा अपराध कोणता? पहिल्या आक्षेपाचे उत्तर रिचमंडच्या रस्त्यांवरच होते. शाळेतील खेळ चार वर्षांत संपतो, आणि व्यवसायी खेळाडू होण्याचे भाग्य हजारांतून एखाद्यालाच लाभते. उरलेल्यांनी पुढे काय करावे? दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर इतके सोपे नाही. विजय जर सर्वांचा मानावयाचा, तर मागे पडलेल्या सोबत्याला हात देणे हेही सर्वांचेच काम ठरते, एवढेच म्हणता येईल. निर्दोष मुलांना ते कुलूप बोचले असणारच. पण अभ्यासात मागे पडलेल्या मुलांसाठी बाकीच्यांनी थांबावे, हा धडा चेंडू हाती असताना त्यांना कोणी शिकविला नसता.

काही दिवसांनी गुण सुधारले, कुलूप निघाले आणि खेळ पुन्हा सुरू झाला. त्या वर्षी संघाला राज्याचे विजेतेपद मिळाले नाही. २००५ मध्ये या घटनेवर 'कोच कार्टर' हा चित्रपट निघाला. तो निघाला, तो कोणत्या ढालीमुळे नव्हे, त्या कुलपामुळे.

बास्केटबॉल हा खेळच मुळी एका शिक्षकाने जन्माला घातला आहे. १८९१ च्या डिसेंबरात जेम्स नायस्मिथ यांनी हिवाळ्यात आत कोंडलेल्या अठरा विद्यार्थ्यांसाठी सज्जाला पीचच्या टोपल्या टांगल्या आणि तेरा नियम लिहून काढले. त्यांच्यापुढे प्रश्न होता तो या मुलांचे काय करावे हा. ढाल कोणी जिंकावी हा नव्हता.

आपल्या शाळांतूनही नवे क्रीडाशिक्षक येतात. पहिल्या दिवशी त्यांच्या हाती सामन्यांचे वेळापत्रक दिले जाते. त्याबरोबर खेळाडूंच्या गुणांची यादीही द्यावी; आणि त्या यादीपायी त्यांनी एखादा सामना सोडला, तर मुख्याध्यापकांनी व पालकांनी त्यांच्या पाठीशी उभे राहावे. पडता संघ सावरणे म्हणजे काय, हे त्या दिवशी मुलांना कळेल.