टॉप जोडायचा कसा, आणि ठरवायचं कोणी?

(सुतारकाम शिकणाऱ्या स्त्रियांपुढे केलेल्या भाषणाचा अंश)



समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासात श्रमविभागणीवर आम्ही पानंच्या पानं लिहिली. ती सुरू कुठून होते, ते मात्र मी वर्कशॉपमध्ये पाहिलं. पॉलिश-पेपर बाईच्या हातात, पटाशी मिस्त्रीच्या हातात. 1976 साली समान वेतनाचा कायदा झाला. पण घासणं आणि जोडणं ही कामं 'समान' नाहीत म्हटलं, की कायदा दारातच थांबला. म्हणून आज जोडाबद्दलच बोलते.

तुमच्याकडे सागवानी टेबलांची ऑर्डर आहे, टॉप दोन फूट रुंद. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आटतं. दोन फुटांत हा फरक तीन-चार मिलिमीटर सहज होतो. प्लायवुडवर हात बसलेले कारागीर हे विसरतात, कारण प्लायचे थर एकमेकांना आडवे असतात, धरून ठेवतात.

फळीला फळी जोडताना काळजी नाही. काठ रंध्यानं सरळ करा, सरस लावा, शिकंज्यात आवळा. दोघी एकाच दिशेनं फुगतात. जीभ-खाच केली तर पातळी जुळवायला सोपं जातं, मजबुतीला ती लागतेच असं नाही.

भांडण होतं टोकाला. टॉप वाकू नये म्हणून तिथं आडवी पट्टी बसवतात. ती पूर्ण चिकटवली तर पट्टी जागची हलत नाही, टॉप आटू पाहतो, आणि फळी फाटते. तेव्हा टॉपच्या टोकाला जीभ काढा, ती पट्टीच्या खाचेत बसवा, सरस फक्त मधल्या दोन-तीन इंचांत लावा. कडेच्या खुंट्यांसाठी जिभेतली भोकं लांबट ठेवा. चौकटीवर टॉप बसवतानाही स्क्रूनं जखडू नका. चौकटीच्या आतल्या खाचेत सरकणारे लाकडी ठोकळे वापरा.

"बायकांना हा हिशेब कशाला? पट्टी आम्ही मारतो, तुम्ही पॉलिश करा," असं एका मिस्त्रीनं मला ऐकवलं. फळी फाटली की नाव मात्र 'बायकांच्या कामाचं' होतं!

तर ऑर्डर घेतानाच विचारा, टेबलं जाणार कुठे? कोकणातल्या पावसात जोडलेला टॉप सोलापूरच्या उन्हात बराच आटेल. भोकं तेवढी लांब हवीत. आणि दरपत्रकात 'जोडकाम' हा रकाना वेगळा ठेवा. त्याचे पैसे पॉलिशच्या मजुरीत मिसळू देऊ नका.